बळ नगद असतं

गेल्या आषाढी एकादशीला मी नारायणगडावर कीर्तनाला बसलो होतो. ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही अशी आमच्या भागातली माणसं त्या दिवशी गडावर येतात. धाकटी पंढरी म्हणतात ती यालाच. पाऊस भुरभुरत होता. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी कडेच्या खांबाला टेकून बसलो. बुवा चांगले होते, आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. देहाच्या नाशिवंतपणावर बोलता बोलता त्यांनी तालमीतल्या पोरांचा विषय काढला. म्हणाले, जे उद्या सरणावर जायचं त्याला आज तेल चोळत बसणारे पाहिले की कीव येते. गाडगं रंगवून काय करायचं, आत पाणी आहे का ते बघा. लोक हसले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं हळूच माझ्या कानांकडं पाहिलं. माझे दोन्ही कान मोडलेले आहेत, चुरगळून आत वळलेले. पैलवानाचे कान लपत नाहीत.

बुवांचा मला राग आला नाही. ते बोलले ते वारकऱ्याच्या घरात लहानपणापासून कानावर पडत आलेलंच आहे. पण त्या दिवशी ते घेऊनच मी गड उतरलो, आणि अजून ते सुटलेलं नाही. मी अकराव्या वर्षी तालमीत गेलो आणि तेराव्या वर्षी गळ्यात माळ घातली. आज चौसष्टावं चालू आहे. संध्याकाळी हरिपाठाला बसून देह नाशिवंत म्हणायचं आणि पहाटे उठून त्याच देहाकडून पाचशे जोर काढून घ्यायचे, असं कितीतरी वर्षं केलं. या दोन्हींतलं एक खोटं होतं का? असलं तर कुठलं?

आमच्या गावची तालीम म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून दगडी भिंतींची एक बुटकी खोली. वर पत्रा, आत कुस्तीच्या मातीचा हौदा. आमच्याकडची जमीन काही काळी, काही मुरमाड. कुस्तीची तांबडी माती बाहेरून आणावी लागते. आणली की चाळायची, खडा-काडी वेचायची, मग तिच्यात ताक, हळद, लिंबाचा रस, तेल, कापूर. असं करून ती दिवसेंदिवस खालीवर करायची, तेव्हा कुठं ती पायाला मऊ लागते. पहाटे चारला तालमीत शिरलं की पहिलं काम खोरं घेऊन हौदा उकरण्याचं. रात्रभरात माती बसलेली असते. नवख्या पोराला वाटतं, हे काम मेहनतीच्या आधीचं आहे. दोन महिन्यांनी त्याच्या ध्यानात येतं की कंबर, खांदे, मनगट, मांड्या सगळं याच खोऱ्यानं बांधलं. मग कपाळाला माती लावायची, मारुतीला नमस्कार करायचा आणि जोर सुरू. साधे जोर, हनुमान जोर, सपाटे. त्यावर बैठका. कुणी जोडी फिरवी, कुणी दोरावर चढे, कुणी मल्लखांबाला बिलगे. कोपऱ्यात दोन दगडी नाल होते, मधोमध मूठ बसेल असे कोरलेले. थोरला नाल माझ्या छातीपर्यंत आला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. सगळ्यात शेवटी लढत.

माझा आजा गडाचा वारकरी. कार्तिकात महिनाभर देवळात काकडा असायचा, आणि काकड्याची वेळ अन् तालमीची वेळ एकच. आजा म्हणायचा, काकड्याला चल. तालमीच्या वस्तादांचा तर नियमच होता की एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी हौदा एकट्यानं उकरायचा. मी भीत भीत वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "काकड्याला जा. पण टेकून बसायचं नाही. टाळ घे अन् पावली खेळ." मी महिनाभर पावली खेळलो. दोन तास पावली खेळून बघा. वाकायचं, उडी घ्यायची, टाळ डोक्यावर न्यायचा, आणि तोंडानं म्हणत राहायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या बैठकांनी भरल्या नव्हत्या इतक्या भरून आल्या. देह फुकाचा म्हणणारा हा पंथ देहाला घरी ठेवून देवाकडं कधीच जात नाही, हे मला तेव्हा दिसलं. आठ-दहा दिवस चालून पंढरपूर गाठायचं, तर पायच लागतात. एकमेकांच्या पाया पडायचं, तर कंबर वाकावी लागते.

अडचण आली ती माळेची. माळकऱ्यानं माळ उतरवायची नसते, आणि लढतीत माळ गळ्यात राहत नाही. तुटते, नाहीतर समोरच्याच्या बोटात अडकते. आजा आणि वस्ताद यावर देवळाच्या पायरीवर बसून बोलले. ठरलं ते असं, की माळ खुंटीला टांगायची नाही, खाली ठेवायची नाही. मारुतीच्या गळ्यात घालायची आणि मेहनत संपली की आपल्या गळ्यात परत घ्यायची. त्या वेळी आम्ही सात माळकरी पोरं होतो. पहाटे चारपासून सहापर्यंत मारुतीच्या शेंदरी गळ्यात सात माळा असायच्या. तेल-शेंदरानं आमच्या तुळशीच्या मण्यांचा रंग पार बदलून गेला होता. बाजारात पाहुणे विचारायचे, ही कसली माळ रे?

आता दोन्हींतलं खोटं कुठलं, त्या मूळ प्रश्नाकडं येतो. गडाचे मूळपुरुष नगद नारायण महाराज. नगद नारायण या नावाच्या कथा कीर्तनकार आपापल्या परीनं सांगतात. मला त्या नावाचा अर्थ हौद्यात लागला.

एकोणिसाव्या वर्षी मला विषमज्वर झाला. अंथरुणावर एकवीस दिवस. उठलो तेव्हा आडावरून भरलेली घागर मला उचलेना. नाल छातीला लावणारा मी, घागर अर्ध्यात ठेवून आडाच्या काठावर बसलो आणि रडलो. आठ वर्षांची कमाई तीन आठवड्यांत गेली होती. वस्ताद भेटायला आले, अंगाकडं बघून काही बोलले नाहीत, दंडाला हात लावून एवढंच म्हणाले, "गेलं त्याचा हिशेब करू नको. आज किती होतात ते सांग." त्या दिवशी पाच जोर झाले. दुसऱ्या दिवशी सात.

धान्य कणगीत राहतं. पैसा बँकेत राहतो. शिकलेलं बरंचसं डोक्यात टिकतं. अंगातलं बळ मात्र कुठंच ठेवता येत नाही. उद्याच्या बैठका आज मारून मोकळं होता येत नाही आणि कालच्या बैठका आज मोजता येत नाहीत. उधारी नाही, शिल्लक नाही. रोजचं रोज, हातातल्या हातात, नगद. नामाचंही माझ्या आज्यानं असंच सांगितलं होतं. काल माळ ओढली म्हणून आज सुट्टी नाही. नैवेद्याचंही तेच. सकाळचा नैवेद्य देवापुढून उठला की संपला, संध्याकाळी पुन्हा चूल पेटवायची. देवाला शिळं चालत नाही, आणि अन्न नासणारच आहे म्हणून कुणी स्वयंपाक करायचं सोडत नाही.

त्या बुवांना मला हेच सांगायचं होतं. देह टिकत नाही ही गोष्ट तालमीतल्या पोराला ऐकून कळत नाही, मांडीतून कळते. आठ दिवस आजारी पडलं की कळते. दुसऱ्यांना ती सरणाजवळ गेल्यावर आठवते, पैलवानाला दर पहाटे आठवते. अंगाला कवटाळून बसणारा पैलवान मी पाहिलेला नाही असं नाही. आरशापुढं उभे राहणारेही पाहिले. पण ते फार दिवस टिकत नाहीत. हौदा उकरण्याचं काम त्यांना कमीपणाचं वाटतं, आणि हौदा उकरल्याशिवाय बळ येत नाही.

इथवर मी स्वतःशी बरेच दिवस समाधानी होतो. मग मायची आठवण आली आणि हे सगळं पुन्हा हललं.

मी तालमीत गेलो ते साल १९७२. दुष्काळ. माय आणि बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात मिलोची तांबूस भाकरी, शाळेत सुकडी. दूध-तुपाचं नावही नव्हतं. वस्तादांनी त्या वर्षी मेहनत निम्म्यावर आणली. मोठ्या पोरांना ते आवडलं नाही. एकानं चोरून जास्तीचे जोर मारले, तर वस्तादांनी त्याला बाहेर काढलं. म्हणाले, "पोटात पडत नसंल तर अंगाकडं मागू नका. मागितलं तर ते देतं, पण हाडातून काढून देतं." मेहनत झाल्यावर ते आम्हाला देवळाच्या ओसरीत अर्धा तास आडवं पडायला लावायचे. त्या माणसाचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. आज डॉक्टर तेच सांगतात: मेहनत करताना स्नायू घडत नाही, झिजतो, घडतो तो नंतर, झोपेत, खाल्लेल्या अन्नातून. नुसत्या कष्टानं बळ येत नाही. कष्ट, खुराक आणि विसावा तिन्ही जुळले तरच येतं.

दुष्काळ सरला आणि माय-बाप कोयत्यावर जाऊ लागले. आमच्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी, मागं म्हातारी आणि पोरं. एकदा मी बापाला निरोप द्यायला फडात गेलो होतो. पहाटेचे तीन वाजलेले. ट्रक भरणं चालू होतं. ट्रकला फळी लावलेली, आणि माय डोक्यावर चुंबळ ठेवून उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून चढत होती. दव पडून फळी निसरडी झाली होती. तिचे पाय मला कंदिलाच्या उजेडात दिसत होते. अंगठा आधी टेकायची, मग टाच. वर गेली, मोळी टाकली, उतरली, दुसरी घेतली. प्रत्येक चढाला तोंडानं विठ्ठल म्हणत होती, अगदी हळू, श्वासाबरोबर. मी मोजायला लागलो. पैलवानाला मोजायची सवय असते. चाळीसनंतर मला मोजवेना. मी तालमीत एका जोराला एक नाव घेतो म्हणून त्याला साधना म्हणत होतो. मग ही काय करत होती?

पण माझं अंग त्या वर्षी भरत होतं आणि तिचं झिजत होतं. पन्नाशीला येईपर्यंत तिची मान आखडली, टाळूवरचे केस चुंबळीनं विरळ झाले, जमिनीवर बसली की उठायला भिंत लागायची. काम तेच. वाकणं, उचलणं, चढणं. माझ्या मेहनतीनंतर दूध होतं आणि ओसरीतली झोप होती. तिच्या मेहनतीनंतर भाकऱ्या थापायच्या होत्या.

कष्ट हीच पूजा असं कीर्तनात फार सहज सांगितलं जातं. सावतोबांना मळ्यात विठ्ठल दिसला, हे खरं मानणारा मी माणूस आहे. तरी त्या पहाटेपासून मला या बोलण्याची भीती वाटते. पूजेचा प्रसाद करणाऱ्याच्या हातावर पडावा लागतो. मी जोर मारतो तेव्हा त्याचा प्रसाद माझ्याच अंगात उतरतो. मायच्या मोळ्यांचा प्रसाद तिच्या अंगात कधी उतरला नाही. थोडा उतरला तो माझ्या अंगात. कारण माझ्या दुधाचं बिल उचलीच्या, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशातून जात होतं, हे मला फार उशिरा कळलं. बळ नगद असतं असं मी वर म्हणालो, ते अजूनही म्हणतो. पण नगद मोजणारे हात बऱ्याचदा दुसऱ्याचे असतात.

खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. ते पदक खाशाबांचं, ती ताकदही त्यांचीच, तरी त्या ताकदीत एक घर होतं. आमच्या शेजारच्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. आमच्या तालमीतली पोरं सुवर्णाच्या त्या रात्री हलगी लावून नाचली. मी त्यांना दुसऱ्या दिवशी विचारलं, तुमच्या खुराकाचे पैसे कोण देतं ते एका कागदावर लिहा. बहुतेकांनी बापाचं नाव लिहिलं. एकानं आजीचं लिहिलं, म्हशीसकट.

बळाला पोसतं कोण, ही गोष्ट जुन्या काळी उघड होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं मानसोल्लास लिहिला, त्यात मल्लांची सगळी दिनचर्या आहे: ओझी उचलणं, चालणं, पोहणं, खांबाशी झुंजणं, काय खायचं ते. आमच्या हौद्यात जे चालतं त्यातलं बरंच तिथं सापडतं. पण ते सगळं राजाच्या करमणुकींच्या भागात येतं. मल्ल राजाच्या अन्नावर वाढायचे, त्यांचं बळ राजाचं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी उभ्या केल्या, खासबाग मैदान बांधलं, तेव्हा अन्न दरबाराचं असलं तरी त्या बळात गावागावांतल्या साध्या पोरांची अब्रू होती. पोसणारा कोण आणि कशासाठी पोसतो, यावर बळाचा धर्म ठरतो असं मला वाटतं.

पोसणारा कुणीही असो, मेहनत ज्याची त्यालाच करावी लागते. त्यासाठी मल्लखांबाच्या बाळंभटदादा देवधरांची कथा आम्हाला वस्तादांनी सांगितली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हैदराबादेहून अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांना जोड मिळेना. बाळंभटदादांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर उपासना केली, तिथं मारुतीनं त्यांना मल्लखांबाची विद्या दाखवली, आणि परत येऊन त्यांनी कुस्ती मारली, अशी आख्यायिका. आम्ही पोरं ऐकून भारावलो. वस्ताद म्हणाले, "देवानं खांब दाखवला. तळहात बाळंभटानं सोलले."

आता जे सांगायचं ते सांगायला मला आजही जड जातं.

कुस्तीत मोळी नावाचा डाव आहे. समोरच्याची मान आणि पाय एकत्र आवळून त्याला सरपणासारखा बांधायचा. हा माझा हातखंडा डाव होता. वीस वर्षांचा असताना, जत्रेच्या फडाला चार दिवस राहिले असताना, सरावात मी माझ्याहून लहान पोराला मोळी बांधली. तो "सोड" म्हणाला. मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं. तरी मी अजून थोडं आवळलं, कारण भिंतीशी गावातली चार माणसं बघायला उभी होती. त्याच्या खांद्यातून आवाज आला. ओली काडी मोडते तसा. त्याचा हात नंतर बरा झाला, पण तो पुन्हा हौद्यात उतरला नाही.

वस्तादांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्यांनी मला तेरच्या गोरोबा कुंभारांची गोष्ट सांगायला लावली. "सांग" म्हणून समोर बसवलं. मी सांगितली: गोरोबा चिखल तुडवत होते, नामात दंग होते, लेकरू रांगत पायाखाली आलं आणि त्यांना कळलं नाही. वस्ताद म्हणाले, "त्यांच्या पायाखाली आलं तेव्हा ते नामात होते. तुझ्या हाताखाली आलं तेव्हा तू कशात होतास?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी एक महिना लढत बंद केली. फक्त हौदा उकरायचा आणि जोर मारायचे. जत्रेचा फड गेला. मी तो महिना रोज माती खालीवर केली आणि त्या प्रश्नाशी बसलो. त्या महिन्यात माझी माळही मारुतीच्या गळ्यात राहिली नाही. लढत नव्हती, म्हणून उतरवायचं कारण नव्हतं. गळ्यात माळ घेऊन जोर मारताना ती दर जोराला मातीला टेकायची.

बळ असण्यात पाप नाही आणि पुण्यही नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बळ असलं की रोज, दर क्षणाला, समोरच्याची मान आपल्या हातात येते, मग तो हौदा असो की घर. अशक्त माणसाच्या वाट्याला ही परीक्षा क्वचित येते. म्हणून बळ कमवायचंच नाही, हा उपाय नव्हे. परीक्षेला बसलंच नाही तर पास कसं होणार? वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो कारण समोरच्यात विठ्ठल आहे. हौद्यात समोरच्याला चीत करायचं असतं, त्यातही तोच आहे. या दोन्हींचा मेळ मला डोक्यानं अजून घालता आलेला नाही. हातांना मात्र तो कळतो. चांगला पैलवान डाव टाकताना दुसऱ्याच्या मानेखाली आपला हात ठेवतो, की डोकं आपटू नये. हे शिकवावं लागतं. सरावात मी ते पोरांना डावाच्या आधी शिकवतो.

मारुतीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि फारसं कुणी तिच्याशी थांबत नाही. समुद्राच्या काठावर सगळे वानर हतबल बसले होते तेव्हा मारुती एका बाजूला गप्प बसला होता. त्याला स्वतःचं बळ आठवत नव्हतं. जांबवंतानं आठवण करून दिली तेव्हा तो उभा राहिला. आमच्या गोदावरीपलीकडच्या जांब गावचे समर्थ रामदास, त्यांनी पुढं ठिकठिकाणी मारुती बसवले, बलोपासना सांगितली. आमच्या तालमीत मारुती आहे त्यामागं तीही परंपरा आहे. पण माझ्या मनात बसलेला मारुती उड्डाण घेणारा नाही. काठावर बसलेला आहे. इतकं बळ अंगात असून जो ते विसरू शकतो, त्याच्याच गळ्यात आम्ही आमच्या माळा घालत होतो.

माझा उजवा गुडघा आता वाकत नाही. बैठका बंद झाल्या त्याला सहा वर्षं झाली. जोर वीस होतात, ते मी भिंतीला हात लावून मारतो. थोरला नाल अजून कोपऱ्यात आहे. कमावलेलं सगळं गेलं, ठरल्याप्रमाणे. पहाटे मात्र जातो. हौदा उकरायला दुसरी पोरं आहेत, मी ताक घालतो आणि खडे वेचतो. तीन वर्षांपासून दोन मुली येतात. मारुतीपुढं मुलींनी हौद्यात उतरू नये असं गावातल्या काहींचं म्हणणं होतं. मी म्हणालो, मुक्ताबाई आणि जनाबाई ज्यांच्या माय आहेत त्यांच्या देवळात हे चालायचं नाही. त्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या मायच्या पायांचा विचार करून मी ते बोललो होतो, पण ते त्यांना सांगितलं नाही.

तालमीत एक सोळा वर्षांचा पोरगा आहे, माळकरी. मानेनं जाड, पाय हलके, डोकं शांत. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या बापाची पाठ धरली आणि कोयत्याला जोडीदार पाहिजे म्हणून त्याला माय-बापाबरोबर कारखान्यावर जावं लागलं. जायच्या आदल्या पहाटे तो आला. नेहमीसारखा हौदा उकरला, तीनशे जोर मारले, लढला. मग मारुतीच्या गळ्यातून माळ घ्यायला गेला आणि तिथंच थांबला.

"वस्ताद, चैतापर्यंत अंगातलं सगळं जाईल का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "जाईल. मोळीनं मान जाड होईल, पण चपळाई जाईल. आल्यावर पाच जोरांपासून धरू."

"मग माळ इथंच ठेवू का? तिकडं उसाच्या पाचटात तुटायची. आलो की घेतो."

मी त्याला सांगितलं की माळकऱ्यानं असं करायचं नसतं. तो म्हणाला, आपण तर रोजच करतो. मला पुढं बोलता आलं नाही.

चैत गेला. बापाचं दुखणं वाढलं, उचल फिटली नाही, आणि पोरगा तिकडंच दुसऱ्या कामाला लागला. शनिवारी मारुतीला तेल घालताना मी त्याची माळ एका बोटानं बाजूला सरकवतो, तेल घालतो आणि परत गळ्यावर नीट करतो. मणी आता पार शेंदरी झाले आहेत.